दहापैकी दोन

तिरिलचे सहा महिने शुक्रवारी संपत होते. सरकारनं धाडलेले शिकाऊ डॉक्टर आमच्या ग्रोवोय बेटावर सहा महिने काढतात, ध्रुवीय प्रकाशाचे फोटो काढतात आणि ऑस्लोला परततात. त्यात नवल नाही. पण तिरिल तोंड लपवून निघाली होती.

दोन महिन्यांपूर्वी, कॉड माशाचा हंगाम ऐन भरात असताना, मच्छीमार आइलर्ट दवाखान्यात आला होता. "जरा बरं वाटत नाही. बायकोनं पाठवलं, नाहीतर आलो नसतो," म्हणाला. छातीत कसंतरीच होत होतं. तिरिलनं कॉलेजात शिकवलेला प्रश्न विचारला, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "दोन असेल."

शिकलेल्या माणसाला आकडा मिळाला की धीर येतो. तिनं पित्ताच्या गोळ्या दिल्या, छातीला ईसीजीचं यंत्र लावून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आइलर्ट त्याच्या बोटीत, जाळ्यावर मरून पडलेला सापडला.

नर्स मोल्फ्रिद त्या दिवशी रजेवर होती. आल्यावर ती म्हणाली, "अगं, माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तिनं दहापैकी एक सांगितलं होतं. आणि हंगामात बोट सोडून आलेला पुरुष? त्याला आकडा विचारायचाच नसतो, पोरी. त्याला आडवं करून यंत्र लावायचं."

हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. चूक आमचीही होती. आम्हाला वाटतं, एवढं कुणालाही कळतं.

तिरिलनं स्वतःच आपली चूक वर कळवली. ताकीद मिळाली, काम चालू ठेवायची परवानगीही मिळाली. पण दुकानात लोक दोष न देता, नेहमीसारखे मान डोलावून पुढे जात, हेच तिला जास्त लागे.

बुधवारी आइलर्टची बायको योरुन दवाखान्यात आली. योरुन बसली नाही.

"जातेस म्हणे."

"हो. इथं कुणाला तोंड दाखवायला जागा राहिली नाही मला."

"तुझं तोंड बघायला आले नाही मी. तुझ्यानंतर कोण येणार?"

"माहीत नाही. कुणीतरी नवा येईल."

"म्हणजे तोही आकडा विचारणार."

तिरिलनं टेबलावरचे कागद नीट लावले.

"मी माफबिफ केलेलं नाही तुला, उगाच गैरसमज नको," योरुन म्हणाली. "पण तुला एवढं शिकवायला माझा नवरा गेला. ते शिकून तू निघालीस ऑस्लोला. नव्याला शिकवायला आता आम्ही कुणाचा द्यायचा?"

हातमोजे चढवून ती निघून गेली. तिरिल बराच वेळ रडली. तिला योरुनचा रागही आला. जायचा हक्क होता तिला, आई वाट बघत होती, आणि इथं रोज याच रस्त्यावर योरुन भेटणार होती.

शुक्रवारची बोट तिच्याविना गेली.

सोमवारी मोल्फ्रिदनं इथल्याच कायमच्या नोकरीचा अर्ज तिच्यापुढे ठेवला. शेवटचा प्रश्न होता, खेड्यात काम करण्यामागची आपली प्रेरणा काय? उत्तराला जेमतेम एक ओळ सोडलेली.

"सगळे निसर्ग लिहितात," मोल्फ्रिद म्हणाली.

तिरिल पेन धरून बसून राहिली. मग तिनंही निसर्गच लिहिलं.