लपवलेली पट्टी

"परत उडाली?" प्रितेशने फोनवर विचारलं.

"उडाली," मयूरी म्हणाली.

स्क्रीनवर लाल ओळ आली होती. सकाळपासून तीच. बसच्या टपावर गॅसचे सिलिंडर धरून ठेवणारी एक लोखंडी चौकट होती. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला तर ती टिकेल का, एवढंच सिम्युलेशन करून सांगायचं होतं. पण उत्तर यायच्या आधीच गणित कोसळत होतं. कुठला तरी भाग कशालाच धरलेला नाही, मोकळा फिरतोय, असं संगणकाचं म्हणणं. कुठला, ते मात्र तो सांगत नव्हता.

"दक्षा मॅडम काय बोलल्या?"

"दुपारच्या मीटिंगपर्यंत नाही चाललं तर तुझ्याकडे देणार."

"मला नकोय गं बाई! माझंच इथे नाकापर्यंत आलंय."

"तुला नको असेल. त्यांना मात्र हे परत मला द्यायचंच नव्हतं. बाळंतपणाच्या रजेवरून आलेली, त्यात घरून काम, तेही डहाणूवरून..." तिने वाक्य सोडून दिलं.

रजेनंतरचं हे पहिलंच काम, रजेआधी तिनेच अर्धवट सोडलेलं. ते हातचं गेलं की दुसरं कधी मिळणार, हे पुण्यातलं कुणी सांगणार नव्हतं. नवरा तुषार सकाळी अच्छाडला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाताना म्हणाला होता, "नाही जमलं तर सोड ना. कोण मागे लागलंय?" त्याच्या या समजूतदारपणाचीच तिला धास्ती होती. काम गेलं तर उरणार ही खोली, आणि दर थोड्या वेळाने उठून तान्ह्या हिरूच्या नाकाखाली बोट धरून बघणं. श्वास लागतोय ना. लागतोय.

हिरू एकटी जन्मली नव्हती. तिच्या पाठोपाठ आलेला मुलगा हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीतून घरी आलाच नाही. बारशाआधी गेला, म्हणून त्याला नाव नव्हतं. आणि नाव नव्हतं म्हणून त्याच्याबद्दल बोलायची सोयच उरली नव्हती. नातेवाईक यायचे, "पोरगी गोड आहे हो" म्हणायचे, पिशवीभर चिकू घेऊन जायचे. मयूरी रडली नव्हती. झोपेत अंगाखाली दबलेला हात बधिर व्हावा तसं काहीतरी झालं होतं. फक्त त्यानंतर ज्या मुंग्या येतात, त्या येत नव्हत्या.

"ऐक," प्रितेश म्हणाला. "डागडुजी बंद कर आता. सगळं उडव. तळाचा एक बार ठेव, दोन्ही टोकांना घट्ट धरलेला. तो तरी चालेल ना? मग एकेक तुकडा परत घाल. ज्याच्यावर कोसळेल, तो चोर."

हेच ती स्वतः दुसऱ्यांना सांगत आली होती. तिने मूळ फाइल बाजूला ठेवली, तिच्या प्रतीमध्ये दिसेल ते निवडलं आणि काढून टाकलं. पांढऱ्या स्क्रीनवर एकटा बार उरला. बाहेर वाडीत चिकू धुवायच्या पिंपाची घरघर चालू होती. तिने गणित सुरू केलं.

लाल ओळ.

"प्रितेश, एकच बार आहे. दोन्हीकडून धरलाय. मग फिरतंय कोण?"

"भूत," तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "वजन बघ गं."

तिने वजन काढलं. एका बारचं असायला हवं त्यापेक्षा जास्त होतं. थोडंसंच, पण जास्त.

दिसत नव्हतं, पण वजनात होतं.

तेव्हा तिला आठवलं. सिलिंडरखालची रबराची पट्टी. रजेआधीच्या शेवटच्या दिवशी, बोल्ट बसवताना मधे येत होती म्हणून तिने ती झाकली होती. झाकलेला तुकडा फक्त डोळ्यांआड होतो, हिशेबातून जात नाही. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ती हे शिकवायची. चहा घेऊन येते आणि पट्टी परत आणून जोडते, असं मनाशी म्हणत त्या दिवशी ती खुर्चीतून उठली होती, आणि पाठीत कळ आली होती. दिवस भरले नव्हते. पोटात तेव्हा दोघं होते.

तिने 'सगळं दाखवा'वर क्लिक केलं. बारच्या वर, कशालाही न टेकलेली, काळी पट्टी अधांतरी आली.

मग मूळ फाइल उघडून तिने ती सिलिंडर आणि चौकट यांच्यामध्ये नीट जोडली आणि गणित लावलं. गणितातली चूक दाखवणारी आलेखाची रेघ हळूहळू खाली उतरत गेली. चौकट टिकली. आनंद व्हायला हवा होता. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग रिपोर्ट पाठवून दिला. दक्षा मॅडमचं उत्तर आलं, "छान. हे तूच पूर्ण कर."

दारापुढच्या ओट्यावर सासूबाई, नर्मदाबाई, पाय पसरून हिरूला तेल लावत होत्या.

"झालं तुझं?"

"झालं."

"काय अडलं होतं गं एवढं? जेवायला पण उठली नाहीस."

"एक पट्टी होती, आई. मीच झाकून ठेवलेली. दिसत नव्हती, म्हणून नाहीच असं धरून चालले होते."

हिरूच्या पाठीवरचा हात थांबला. हिरू कुरकुरली.

"धर हिला," म्हणून नर्मदाबाई आत गेल्या. पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पिवळं टोपडं होतं. एकाच कापडातून त्यांनी दोन शिवली होती. हिरूचं धुऊन धुऊन फिकं पडलं होतं. हे हळदीसारखं पिवळंधमक.

"शेजारच्या बाया बोलल्या, तुझ्या नजरेला पडू देऊ नको. मी तळाशी घातलं. तरी रोज पेटी उघडते नि काही न काढता लावून टाकते."

"टाकलं नाहीत?"

"कसं टाकू, बाय? माझ्या हातचा टाका आहे त्याला."

मयूरीने टोपड्यात मूठ घातली. मुठीलाच झालं ते. हिरूने नाडी पकडून तोंडात घातली.

"डांबरगोळ्यांचा वास येतोय," मयूरी म्हणाली.

"आण इकडे. धुऊन टाकते," नर्मदाबाई म्हणाल्या, घरातलं कुठलंही कापड मागावं तशा.

संध्याकाळी तुषार आला. मोटरसायकल स्टँडला लावता लावता त्याचं लक्ष दोरीकडे गेलं. दोन टोपडी शेजारी शेजारी. एक फिकं, एक पिवळं. तो हेल्मेट न काढता तसाच उभा राहिला. मयूरी दारातून बघत होती.

खाडीकडून वारा सुटला होता. पिवळ्याला चिमटा नव्हता. तुषारने दोरीवरच्या आपल्या शर्टाचा चिमटा काढून त्याला लावला.