साडेचारशे की पाचशे

सिमासिकूने हातोडीसारखं ते अवजार मेजाच्या कडेवर तिसऱ्यांदा आपटलं, तेव्हा कुठे काडतुसातली गोळी सुटली. मागोमाग दारूचे करडे कण सांडले. त्याने ते कागदावर घेतले, कागदाची पन्हळ करून तराजूच्या पारड्यात सोडले आणि श्वास धरून काट्याकडे बघत राहिला. काटा बायकोच्या वहीतल्या आकड्यावर येऊन थांबला. केसभरही इकडेतिकडे नाही.

हे चौथं काडतूस. चारही बरोबर निघाली. दुसऱ्या कोणाचं समाधान झालं असतं, पण सिमासिकूचा संशय उलट वाढला. बायको हुशार होती. खोट ठेवायचीच असती तर तिने ती खोक्याच्या खालच्या रांगेत ठेवली असती.

शिकारीच्या तळावरची सगळी काडतुसं त्याची बायको नासिलेलेच भरायची. अकरा वर्षांपूर्वी मालकाने तिला कोठार झाडायला ठेवलं होतं, आणि तिचे स्थिर हात पाहून आठवड्याभरात तराजूपुढे बसवलं. कोणत्या जनावराला किती वजनाची गोळी, मऊ टोकाची की भरीव, हे तिला तोंडपाठ होतं. लांबून आलेले पाहुणे आधी हसत आणि मग तिलाच विचारत. सिमासिकूला याचा अभिमान होता, निदान मागच्या मोसमापर्यंत तरी.

मागच्या मोसमात एका जखमी रानरेड्याने चाल केली होती. सिमासिकूने त्याला चार पावलांवर लोळवलं. रेड्याच्या नाकातलं रक्त त्याच्या बुटांवर उडालं होतं. तळावर त्याची वाहवा झाली. घरी नासिलेलेने मात्र त्याच्याकडून शब्द घेतला, की आता रेड्यांमागे जाणं पुरे, मालकाची गाडी चालवा. त्याने शब्द दिला आणि मोसम सुरू होताच सोयीने विसरला. ती त्यावर अक्षर बोलली नाही. नेमकं तेच त्याला खुपत होतं.

कारण या मोसमात दोनदा घात झाला होता. पाहुण्याची गोळी चुकली की जनावर थांबवणं सिमासिकूचं काम. पहिल्या वेळी त्याची गोळी रेड्याच्या पोटाखालच्या मातीत गेली, दुसऱ्या वेळी पुढच्या पायात. त्या लंगड्या जनावराचा माग काढायला दोन दिवस लागले, आणि ते दोन्ही दिवस सर्वांत पुढे होता लिकांडो, नासिलेलेचा धाकटा भाऊ. मालकाने थंडपणे सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर बंदूक कायमची खाली ठेवायची. उद्या सकाळी पाहुण्याला घेऊन पुन्हा रेड्यांवर जायचं होतं.

गोळी खाली जाते म्हणजे दारू कमी. दारू कमी करणारी घरातच. तिला हवं तेच यातून साधणार होतं. सिमासिकूने हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडला, आणि दर वेळी उत्तर तेच आलं.

त्याने पाचवं काडतूस उचललं तोच दारात सावली पडली. नदीवर गेलेली नासिलेले माशांची टोपली घेऊन उभी होती. मागे लिकांडो होता. मेजावरचा पसारा पाहून तो म्हणाला, "दाजी, स्वयंपाक शिकताय की काय? पीठ फार काळं दिसतंय."

कोणी हसलं नाही. नासिलेलेने टोपली खाली ठेवली, हात पुसले आणि सुट्या केलेल्या चारही गोळ्या एका ओळीत लावल्या.

"दारू किती भरली?" तिने विचारलं.

"बरोबर भरली."

"मग?"

सिमासिकूने नजर तराजूवरच ठेवली. गोळीचं वजनच चुकतंय, तो म्हणाला. पाचशे ग्रेनची गोळी जड, तिचा वेग मरतो. साडेचारशेची घेतली तर वेगाने आणि सरळ जाईल. हे बोलताना स्वतःचा आवाज त्याला बाजारातल्या विक्रेत्यासारखा वाटला.

"तुम्हाला वजनाचा संशय नाही, म्वांगालाचे बाबा," नासिलेले म्हणाली. "माझा आहे."

तिने खोका उचलून त्याच्यापुढे धरला, हवी ती काडतुसं निवडायला सांगितली. त्याने मुद्दाम खालच्या रांगेतली तीन काढली. तिने ती घेतली, कपाटातून आणखी काहीतरी मुठीत उचललं, खांद्यावर त्याची जड रायफल टाकली आणि मोपानीच्या झाडांपलीकडे वारुळाकडे चालू लागली. तिथे बंदुका तपासायचे कागद कायम चिकटवलेले असत.

चाळीस पावलांवरून तिने त्याला उभं केलं. मग पाठ वळवून रायफल भरली, खटका लावला आणि त्याच्या हातात दिली. सिमासिकूने नेम धरला, चाप ओढला. खांद्याला तो ओळखीचा धक्का बसला आणि कागदाच्या वीतभर खाली माती उडाली.

"बघितलंस?" तो जवळजवळ आनंदाने म्हणाला. "खाली गेली. आता बोल."

तिने रायफल परत घेतली, पुन्हा पाठ वळवली, पुन्हा भरली. लिकांडो बाजूला उकिडवा बसून गवताची काडी चावत होता. सिमासिकूने पाय रोवले, दस्ता गालाला टेकवला, नळीचं टोक काळ्या ठिपक्यावर आणलं आणि चाप ओढला.

नुसतं टिक झालं.

बार झालाच नाही. आणि त्या शांततेत तिघांनीही पाहिलं, की धक्का नसतानाही नळीचं टोक हिसका बसून चांगलं हातभर खाली गेलं होतं. सिमासिकूचा खांदा पुढे आला होता. डोळे घट्ट मिटले होते आणि ते उघडायला त्याला वेळ लागला.

नासिलेलेने हात लांबवून रायफलची मागची झडप ओढली. रिकामं पितळी टरफल गवतात पडलं. त्यात दारू नव्हती, गोळीही नव्हती.

"पुन्हा दे," तो म्हणाला.

तिने दिली. या वेळी आत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, तरी शरीराने आपलं काम केलं. टिक, आणि टोक पुन्हा खाली. नासिलेलेने तेही रिकामं टरफल गवतात पाडलं. चार पावलांवरचा तो रेडा त्याने कधीच मारला होता, पण त्याच्या खांद्याला ते अजून कळलं नव्हतं. सिमासिकूला लाज वाटली. ज्या बाईवर त्याने संशय घेतला तिच्या डोळ्यांत आता पाणी होतं, याची जास्त वाटली.

"कधीपासून ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"पायाला गोळी लागली त्या दिवसापासून. सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

त्याने मान हलवली. ऐकलं नसतं. तिच्यावरच खेकसला असता.

लिकांडो उठला. एरवी हा माणूस दाजीच्या शिंकेवरही टोमणा मारल्याशिवाय राहत नसे. तो जवळ आला आणि म्हाताऱ्याच्या हातातलं ओझं घ्यावं तशी त्याने रायफल हलकेच काढून घेतली. आजवर त्याने असं कधी केलं नव्हतं.

"ताई," तो बहिणीला म्हणाला, "उद्यासाठी दाजींना साडेचारशेच्याच भर. धक्का जरा कमी बसेल. होईल ठीक."

उद्या त्या झुडपांत सर्वांत पुढे तोच चालणार होता. नासिलेलेने भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

सिमासिकू खाली वाकला. गवतातली दोन्ही टरफलं त्याने शोधली, धूळ फुंकून तिच्या तळहातावर ठेवली.

"साडेचारशे की पाचशे," तो म्हणाला, "ते उद्या बंदूक ज्याच्या हातात असेल त्याला विचार. मी मालकाकडे जाऊन येतो. गाडीची किल्ली घ्यायची आहे."