टिनाखालची बाळंतीण

मनिरामचा हिशोब तसा चोख होता. लेक डिंपल पहिल्या बाळंतपणाला माहेरी, तिरोड्याजवळच्या गावी, ऐन मे महिन्यात येणार. गोंदियाहून जुना कुलर आणायचा, बत्तीसशेला. नाव लेकीचं. सव्वा महिन्यानं लेक सासरी जाईल, कुलर कुठं जातो? पुढच्या चार उन्हाळ्यांची दुपारची झोप मनिरामची. शिवाय जावयापुढं ताठ मान, ती फुकटात.

कुलर आला, त्याला नवा वाळा लागला, पाठोपाठ नातही आली. चौथ्या दिवशी डिंपल दवाखान्यातून घरी पोचली आणि मनिरामच्या बायकोनं, कुंदाबाईनं, आधी कुलरची पिन उपटली.

"काऊन वो?" मनिराम म्हणाला.

"बाळंतिणीले वारा देता का जी? जन्मभर कंबर धरंल तिची."

खिडकी लागली. डिंपलच्या कानांना रुमाल बांधला गेला. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकली. बाहेर शेहेचाळीस डिग्री, वरून छपराचं टिन, खालून निखारे. भाकरीलाही कुणी एकाच वेळी दोन्हीकडून भाजत नाही.

"माय, शिजून राहिली मी," डिंपल म्हणाली.

"मीबी तीन बाळंतपणं काढले, असेच."

कुलर ओसरीवर गेला. त्याच दिवशी जावई पीयूष पोरीचं तोंड पाहायला म्हणून एका दिवसासाठी आला आणि कुलरसमोर अंग टाकताच त्याला लेकीची अशी माया फुटली, की पाच दिवस जागचा हलला नाही.

"बाबूजी, कुलर बढिया आहे. पाणी तेवढं संपलं."

मनिराम हातपंपावरून बादल्या वाहायचा. झोप जावयाची, मीटर सासऱ्याचं. जावयाला ऊठ म्हणता येत नव्हतं, आणि शेगडी काढ म्हटलं की कुंदाबाईचं उत्तर ठरलेलं, "बाळंतपणात बाप्या माणसाचं काय काम?"

घरी आल्याच्या सहाव्या दिवशी गावची आशा कार्यकर्ती रचना तपासायला आली. पोरीच्या काखेत तापमापी लावली, आकडा पाहिला आणि शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली.

"पोरगी शंभरले टेकली. दूधबी नीट ओढून नाही राहिली. मावशी, तुझे बाळंतपणं कोणत्या घरात झाले?"

"याच घरात. काऊन?"

"तवा वर काय होतं?"

कुंदाबाईनं वर पाहिलं. "कवेलू."

"मंग ते कुठं गेले?"

आता तिघीही मनिरामकडे पाहू लागल्या. माकडं दरसाल ही मातीची कौलं फोडतात, फेरून लावायला माणूस दोन हजार मागतो, त्यापेक्षा टिन परवडतं, हा चार वर्षांपूर्वीचा हुशारीचा विचार त्याचाच होता.

"मंग कुलर लावू?" तो घाईनं म्हणाला.

"वारा नाही म्हणजे नाही!"

"नको वारा," रचना म्हणाली. "टिनावर पांढरा चुना मारा, दोन हात. ऊन वरच्यावर परत जाते. चुन्यानं वारा येते का मावशी? आता दोघींले शेजारच्या कवेलूच्या घरात नेतो. अर्ध्या घंट्यात ताप उतरला नाही, तर मी दवाखान्याची गाडी बोलावतो."

चुन्याविरुद्ध कुंदाबाईच्या आईनं, आजीनं काहीच सांगून ठेवलं नव्हतं. तिनं तांदळाच्या डब्यातून बचत गटाचे पैसे काढले. चुना आणि तो धरून ठेवायला डिंक, चारशे दहा.

शेजारच्या घरात अर्ध्या घंट्यात पोरीचा ताप उतरला. तिनं दूध ओढलं, तेव्हा कुंदाबाई पहिल्यांदा खाली बसली.

वर चढणार कोण? मनिरामनं आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. कुंदाबाईनं ओसरीकडे पाहिलं.

"जवाईबापू, उठा."

"मी? अभी? या उन्हात?"

"ऊन उतरल्यावर. तवरक कुलर बंद." आणि तिनं दुसऱ्यांदा पिन उपटली.

संध्याकाळी पीयूष चुना घेऊन वर चढला. दुसऱ्या दुपारी खोलीत बसवत होतं. डिंपलनं कानांचा रुमाल स्वतःच सोडला. कुंदाबाईनं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

सव्वा महिन्यानं डिंपल सासरी निघाली. पीयूषनं ऑटोवर आधी कुलर बांधला. "पोरीसाठी," म्हणाला. पोरीच्या नावावर नाही कसं म्हणायचं? मनिराम पांढऱ्या टिनाखाली सतरंजी टाकून पडला. झोप बरी लागली, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

बत्तीसशे आणि विजेचं बिल मनिरामनं भरलं. चुन्याचे चारशे दहा कुंदाबाईनं. पीयूषनं एक संध्याकाळ. निखाऱ्यावरचे ते सहा दिवस डिंपलनं भरले, आणि तिच्या पोरीनं, जिचं तेव्हा अजून नावही ठेवलेलं नव्हतं.