तीन शर्ट, दोन पँटींचा ट्रे

१९७८ सालच्या एका मंगळवारी दुपारी महाल भागातल्या गल्लीत इंदूबाई बोहारीण भांड्यांची टोपली उतरवून बसली, आणि यमुताईंनी आपल्या मुलीच्या कपाटातून तीन शर्ट अन् दोन पँटी आणून तिच्यापुढे ठेवल्या.

"पोराचे हायेत का वं बाई?"

"घरात मुलगा नाही. मुलीचे आहेत."

इंदूबाईनं पँट उलटी करून शिवण पाहिली. "इतके चांगले काहून देऊन राहिल्या?"

"रविवारी तिला पाहायला येऊन राहिले."

हे कारण इंदूबाईला पुरलं. सगळ्यांनाच पुरतं. तिनं स्टीलचा ट्रे काढून दिला.

उत्तरा सव्वीस वर्षांची, बँकेत टायपिस्ट. दिवसभर साडी, संध्याकाळी शर्ट-पँट घालून सायकलनं नंदनवन वस्तीत शामलाकडे. शामला नर्स. बाईच्या अंगाला टेप कशी लावायची म्हणून शालिकराम टेलरनं तिच्या वडिलांच्या जुन्या शर्टावरून माप घेतलं होतं. त्या साली गल्लीतल्या पोरांच्या पँटी खाली इतक्या रुंद होत्या की रस्ता वेगळा झाडावा लागत नसे. त्यातल्या त्यात सभ्य पँट उत्तराचीच. पण पोरांना कोणी नावं ठेवत नव्हतं.

त्या संध्याकाळी उत्तरानं कपाट उघडलं.

"माझे कपडे?"

"ट्रे आणला," यमुताई म्हणाल्या. "बघ, नावही टाकून आणलं." ट्रेवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: चि. सौ. कां. उत्तरा.

"बाबा?"

शरच्चंद्र सकाळीच वाचून झालेलं वर्तमानपत्र वाचत होते. "आईचं ऐकून घे वं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

उत्तरा रडली नाही. जेवली, ताट धुतलं. बुधवारी सायकल पुसली, चालवली नाही. शुक्रवारी यमुताईंनी तिचे केस विंचरले; मान जिकडे वळवली तिकडे वळली.

शनिवारी बँक अर्धा दिवस. रविवारसाठी आणलेली जांभळी रेशमी साडी पिशवीत घालून ती पत्ता विचारत इंदूबाईच्या खोलीवर गेली.

"विकले का वं माझे कपडे?"

"बजार उद्या भरते. गठ्ठ्यात हायेत." इंदूबाईनं साडी चाचपली. "कोरी हाय हे. असा सौदा कोनी करत नाही."

"मी करून राहिली."

"तुही माय मले शिव्या देईन."

"देईल."

इंदूबाईनं गठ्ठा सोडला. "घालून दाखव." उत्तरा आत जाऊन घालून आली. इंदूबाईनं पुढून-मागून पाहिलं. "माह्या गठ्ठ्यातलं कापड ज्याचं त्यालेच बसलेलं पयल्यांदा पाहून राहिली मी."

रविवारी मुलगा आला, कृष्णकांत, रामटेकला शिक्षक. सोबत त्याची आई. आतून पोह्यांचा ट्रे आला. ट्रेमागून निळा शर्ट आणि करडी पँट आली. अशा वेळी आईच्या हातून तांब्या पडतो म्हणतात. पडला नाही, यमुताई तो धरून बसल्या.

"मुलगी कुठाय?" मुलाच्या आईनं विचारलं.

"मीच. पोहे घ्या, गार होतील. मला लग्न करायचं नाही. आजपासून मी शामलाबरोबर राहणार आहे."

कृष्णकांतनं बशी घेतली. "कोणाकडे शिवली?" त्यानं हळूच विचारलं.

"शालिकरामकडे."

उत्तरा उंबऱ्यावरून सायकल उतरवत असताना शरच्चंद्रांनी सवयीनं मागचं चाक उचलून दिलं. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन ते आत जाऊन बसले.

ट्रे मागे राहिला. पाहुण्यांना चहा अजून त्यावरच येतो. नाव वाचून कोणीतरी विचारतंच, "मुलगी कुठं दिली?"

"नंदनवनात."

"जावई काय करतात?"

"दवाखान्यात असतात," यमुताई म्हणतात आणि रिकामे कप उचलतात.

वाचकहो, स्टील आपल्याही घरी आहे. कोणाच्या कपड्यांवर आलं, आणि कपडे देताना त्या माणसाला विचारलं होतं का, एवढं आज भांडी लावताना आठवून पाहा.