शाळेचं कारण

आठवडाभर खोर फक्कानच्या बंदरावर, क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये एकटाच बसला की माणसाचं डोकं नको तिथे चालतं. मुश्ताकचं तर जरा जास्तच चालायचं.

त्याची बायको नबिला आणि लेक यम्ना दुबईत, करामाला राहायच्या, कारण यम्नाची शाळा तिथे. हा तिथून दीड-दोन तासांवर, बंदराजवळ कंपनीच्या खोलीवर राहायचा आणि सुटीला करामाला जायचा. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. आणि या उन्हाळ्यानंतर नबिलाने पोरीला शाळेतून काढलं ना! नवऱ्याला विचारणं लांबच, कांदे संपलेत सांगावं तसं फोनवर सांगून मोकळी झाली. "घरीच शिकवीन, ऑनलाइन. बसमध्ये तिला रोज उलटी होते."

बरं, असेल. पण मग रत्नागिरीहून त्याच्या अम्मीचा फोन आला, "पोरीला शाळेत नजर लागली म्हणे?" आणि करामाला समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अपर्णाने मेसेज केला, "बरं केलंत. वर्गात इतकी मुलं कोंबल्यावर टीचर लक्ष तरी कुठे देणार? नबिला बरोबर बोलते." खऱ्या कारणाला एवढे अवतार घ्यावे लागत नाहीत, हे क्रेन चालवणाऱ्यालाही कळतं. मुश्ताकची झोप उडाली.

नबिलाचा भाऊ झैद याने गावी नवं घर बांधलं होतं, वरचा मजला रिकामाच होता. शाळा सुटली की पोरीला घेऊन तिथे जाऊन राहायला किती वेळ लागतो? मुश्ताकने मनातल्या मनात विमानसुद्धा उडवून टाकलं.

सुटीला तो घरी आला, तर दारामागे खोके. भाकरीचा तवा कागदात गुंडाळलेला. मसाल्याच्या बरण्यांना चिकटपट्टी. यम्नाचा युनिफॉर्म अपर्णाच्या मुलीकडे, मिहिकाकडे गेलेला. तो खोक्यांना वळसा घालून आत आला. चहा प्यायला, तोही पुरता गेला नाही. नबिला आत गेल्यावर त्याने लेकीला हळूच विचारलं, "अम्मी कुठे जायचं म्हणाली का गं?"

"अम्मी सेड डोन्ट टेल," यम्ना टॅबमधून मान वर न काढता म्हणाली.

मुश्ताकला खात्रीच पटली. बायको आपल्याला सोडून चालली, आणि पोरीलाही ठाऊक आहे. तो उठून स्वयंपाकघरात गेला.

"कधी निघताय?"

"तुम्ही न्याल तेव्हा," नबिला खोक्याला पट्टी लावत म्हणाली.

"झैदकडे जायला मी कशाला न्यायला पाहिजे?"

"झैदकडे कोण चाललंय? हे सामान खोर फक्कानला चाललंय. तुमच्याकडे."

मुश्ताकला इतकं हायसं वाटलं की तो हसलाच. "मग सरळ सांगायचं ना. लोकांना भलतीसलती कारणं देत काय फिरलीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर शाळेतून काढू दिलं असतं?" नबिला हसली नाही. "दर वर्षी म्हणत आले, आम्हाला तिकडे न्या. दर वर्षी तुमचं एकच, यम्नाची शाळा इथे आहे. आधी खरं वाटायचं. मग वाटायला लागलं, हा माणूस शाळेच्या आड लपतोय. आता शाळा खलास. आता मला बघायचंय, तुम्ही काय म्हणता."

म्हणजे संशय घ्यायला ही त्याच्या आधीपासून बसली होती.

तसं तिथे काही भानगड नव्हती, अल्ला शपथ. नुसती सवय होती. आपली खोली, आपला चहा, ड्युटीवरून आल्यावर कोणी काही विचारत नाही, आणि आठवड्यातून एकदा घरी पाहुण्यासारखी सरबराई. एवढंच. पण एवढंच बायकोला तोंडावर कसं सांगायचं? त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"अब्बा, तिकडे माझ्या रूममधून शिप्स दिसतील?" यम्ना दारात येऊन उभी होती. कधी नव्हे ते मराठीत बोलली.

मुश्ताकने हो म्हणायला तोंड उघडलं.

"पण यम्नाची शाळा..." तो म्हणाला.

"कुठली शाळा?" नबिलाने विचारलं.