चढावरची दोन मिनिटं

भोंगा वाजला तेव्हा इनबारची गाडी हैफाच्या चढावर अर्ध्यात होती. शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाचा भोंगा; तो वाजला की दोन मिनिटं सगळ्या इस्रायलने उभं राहायचं. पुढची बस जागच्या जागी थांबली, तिचा ड्रायव्हर खाली उतरला. फुटपाथवरच्या एका बाईने भाजीची पिशवी खाली ठेवली आणि ती ताठ उभी राहिली. इनबारही दार उघडून बाहेर आली, मान खाली घालून उभी राहिली. बालवाडीपासून अंगवळणी पडलेलं, त्याला विचार करावा लागत नाही.

डोळे मिटल्यावर यंदा एकच चेहरा आला. तिची जिवाची मैत्रीण तोहार, तिच्या भावाचा, नदावचा. दोघींना सायकल त्यानेच शिकवली होती. मागून सीट धरून पळायचा, "धरलीय गं, धरलीय" म्हणत केव्हाच सोडून दिलेली असायची. गेल्या हिवाळ्यात गाझाहून परत आला तो झेंड्यात गुंडाळलेला.

भोंगा थांबला. ती आत येऊन बसली, तर शेजारच्या सीटवर मरवान, तिला गाडी शिकवणारा हैफातलाच अरब, बसलेलाच होता. कपाळावर घाम.

"चल," एवढंच म्हणाला.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर पोचला होता. मागच्या गाडीतल्या कुणीतरी काढलेला. इनबार बाहेर उभी, आणि काचेतून मरवानचं बसलेलं डोकं. खाली लिहिलेलं, 'आपली पोरं कुणाकडे गाडी शिकतात बघा.' त्याखाली शिव्यांचा नुसता पाऊस. त्यातल्या निम्म्या तिच्याच वर्गातल्यांच्या.

तोहारचा फोन आला. "तो असा आहे हे तुला आधी माहीत नव्हतं म्हण. आणि आजपासून त्याच्याकडे जात नाही असं लिही. संपलं."

"अगं, तो काही वाईट..."

"तो बसला होता, इनबार. नदावसाठी बस उभी राहिली. बस! आणि तो बसून राहिला."

इनबारने फोन ठेवला. रात्री अंथरुणात तिला नुसता आपला हात आठवत राहिला. हँडब्रेक ओढला होता का मी? हाताला काही आठवेना.

दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन, सगळीकडे झेंडे, निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा वास. त्याच्या पुढच्या दिवशी तिचा तास होता. आई म्हणाली, "नको जाऊस. पुढच्या महिन्यात शाळा संपली की सैन्यात जायचंच आहे, लायसन्स काय पळून जातंय?" ती गेली.

मरवान गाडीला टेकून उभा होता. "आलीस? सकाळपासून चौघांनी नाव काढून घेतलं. मालक म्हणाला, उद्यापासून थोडे दिवस घरीच बस. म्हणजे पुन्हा बसच!" हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"मरवान, हँडब्रेक मी ओढला नव्हता ना?"

"नाही."

"म्हणजे गाडी उताराला लागली असती. तुमच्या बाजूचा पायाचा ब्रेक तुम्ही दाबून धरला होता." तिच्या छातीवरचं ओझंच उतरलं. "मग सांगत का नाही कुणाला? मी सांगते!"

मरवानने गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "हँडब्रेक दोन सीटच्या मधे असतो, बाळा. माझा हात त्याच्यावरच होता."

"मग?"

"ओढला असता, तर उतरायचं की नाही ते ठरवावं लागलं असतं." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "त्या दिवशी टीव्हीवर शहिदांचे जे फोटो दाखवले ना, त्यातल्या तिघांना गाडी मी शिकवलीय. एकाला रिव्हर्स काही केल्या जमायचा नाही. आणि माझ्या बायकोचा मामा गाझात आहे. आहे की होता, ते कळायला मार्ग नाही. दरवर्षी त्या वेळेला मी घरी असतो, पडदे ओढून. यंदा रस्त्यात अडकलो."

"घरी असता तेव्हा? उभे राहता?"

"कधी उभा. कधी बसलेला." त्याने दार उघडलं. "तू विसरलीस ते बरं वाटलं मला. खरं सांगतो. चल, आज चढच करू."

इनबारला त्याचा राग आला, आणि दया आली, आणि कुठलं आधी आलं तेही कळेना. ब्रेकमुळेच बसलो म्हणाला असता तर सोपं होतं. मुद्दामच बसलो म्हणाला असता तरी सोपं होतं.

तासानंतर ती तोहारच्या जिन्यात गेली. तोहार पायरीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. शेजारी टरफलांचा ढीग.

"व्हिडिओ लाव," इनबार म्हणाली. "मागचे दिवे बघ."

तोहारने बघितलं. ब्रेकचे लाल दिवे पूर्ण दोन मिनिटं पेटलेले.

"मी ब्रेक ओढला नव्हता. त्याने पायाने धरली होती गाडी. मागे लोक उभे होते, तोहार."

तोहारने एक बी दातांत धरली, फोडली नाही. "ब्रेक मधेच असतो ना? ओढून उतरता आलं नसतं त्याला?"

नाही म्हण, इनबारच्या मनाने सांगितलं. एवढंसं खोटं, आणि सगळे सुटतील.

"आलं असतं."

"मग का नाही उतरला?"

"त्यालाच माहीत नाही. मलाही नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"उत्तर नाहीच आहे गं."

इनबारने फोन काढला आणि व्हिडिओखाली लिहिलं: 'बाहेर उभी असलेली मुलगी मी आहे. हँडब्रेक ओढायला मी विसरले होते. गाडी त्याने धरून ठेवली होती. मी त्याच्याकडेच शिकतेय.' पाठवण्याआधी तोहारसमोर धरलं.

तोहारने दोनदा वाचलं. "तुला खातील सगळे."

"हं."

"नदावचं नाव त्यात कुठेही येता कामा नये."

"नाही येणार."

तोहार उठली, कपडे झटकले आणि वर निघून गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. इनबारने बोट टेकवलं; शब्द गेले. पायरीवर बियांची पुडी राहिली होती, अर्धी भरलेली. तिच्यासाठी ठेवली की विसरली, हे कळायला काही मार्ग नव्हता. इनबार पुडीशेजारी बसली.