वासराचा पाचवा पाय

मी एक जुना दगड आहे. मला वीरगळ म्हणतात. गाई पळवणाऱ्यांशी लढताना एक माणूस मेला, त्याची आठवण राहावी म्हणून लोकांनी मला घडवून घेतलं. पाथरवटाने वर चंद्र-सूर्य कोरले, मध्ये तलवार घेतलेला वीर आणि खाली गाई. शेवटच्या वासराला त्याने चुकून पाच पाय काढले. दगडातली चूक पुसता येत नाही, मित्रांनो. ती राहिली.

तिसगावजवळच्या एका वाडीच्या वेशीवर मी उभा होतो. पिढ्या गेल्या. वीराचं नाव लोक विसरले आणि मला वीरोबा म्हणू लागले. तेल-शेंदूर लावू लागले. शेंदरावर शेंदूर चढून जाड कवच झालं, त्याखाली गाई-वासरू सगळं बुजलं. शेंदूर लावायचं काम शेवटी लंकाबाईकडे आलं. तिचा हात खरबरीत होता, पण मला ओळखीचा होता.

मागच्या वर्षी तिचा नवरा कारभारी एकटाच ऊसतोडीला गेला. लंकाबाई आजारी होती, म्हणून मागे राहिली. एका सकाळी माझं कवच आपोआप गळून पडलं. ती आधी घाबरली. मग वासराशेजारी हात ठेवून तिने मोबाईलवर फोटो काढला आणि कारभारीला बोलून निरोप पाठवला.

“आवं, आइका. वीरोबाचं कवच पडलंय. आत गाया हायेत. अन् वासराला पाच पाय हायेत, देवाशप्पथ! म्या दोनदा मोजले. कुनाला दावू नका बरं का, देव उघडा हाय. औषध घेतलंय मी. काळजी करू नका.”

तिने लगेच शेंदूर लावून मला झाकलं. कारभारी परत यायच्या आत ती गेली.

या वर्षी दिवाळीनंतर वाडी पुन्हा रिकामी झाली. कारभारी ऊसतोडीला गेला नव्हता, पण त्या दिवशी तो तिसगावच्या बाजाराला गेला होता. भर दुपारी टेम्पो आला. दोन माणसं मला पहारीने उपटू लागली. म्हाताऱ्या रंगुबाईने विचारलं, “देवाला कुठं नेताय रं?”

“रस्ता रुंद व्हायचाय, आजी. तुमच्या देवाला नवं देऊळ मिळनार.”

“मग आडवा टाकू नका. उभा न्या.”

तिने हात जोडले. त्यांनी मला आडवंच टाकलं आणि वर ताडपत्री ओढली. मी जन्मात कधी आडवा झालो नव्हतो. आभाळ दिसेना. मित्रांनो, दगडालाही भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं.

एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी रॉकेल ओतून तारेच्या ब्रशने माझा शेंदूर खरवडला. लंकाबाईने लावलेला शेवटचा थरही गेला. मग फोटो काढून मोबाईलवर मला विकायला ठेवलं.

दोन दिवसांनी एकजण म्हणाला, “गिऱ्हाईक म्हनतंय, वासराला पाच पाय कसे? माल नकली हाय.”

“मग एक पाय उडव की. ग्राइंडर काय पूजेला आनलाय?”

ग्राइंडर किंचाळला. पाचव्या पायाचा अर्धा भाग भुगा होऊन उडाला. तेवढ्यात लाईट गेली.

“गेली बोंबलत! आता तीन तास येत न्हाई.”

ग्राइंडर माझ्या अंगावरच ठेवून ते चहाला गेले. लाईट कधी येईल, एवढाच विचार मी करत होतो.

त्याच वेळी पोलीस ठाण्यात काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. वाडीत मागे राहिलेल्या लोकांनी चोरीची तक्रार देताना माझे खूप फोटो नेले होते. तपास करणाऱ्या राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, “हे सगळे शेंदराचे आहेत. चोर आधी शेंदूरच काढतात. आतला दगड कुणी बघितलाय का?”

कारभारीच्या खिशातल्या फोनमध्ये तसा फोटो होता. पण दाखवू नको, असं लंका म्हणाली होती, आणि तो तिचा शेवटचा निरोप होता. तो रोज एकटाच ऐकायचा. त्याने फोन काढला, फोटोतल्या तिच्या हाताकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “लंके, दावू का गं?” मग फोन टेबलावर ठेवला.

निरोप सगळ्यांनी ऐकला. पाच पायांवर एक शिपाई हसला, आणि कारभारीचा चेहरा बघून खाली बघू लागला. इंटरनेटवर विकायला ठेवलेल्या जुन्या दगड-मूर्तींच्या हजारो फोटोंशी संगणकाने तो फोटो ताडून पाहिला. पाच पायांचं वासरू एकच निघालं. विकणाऱ्याच्या मोबाईलवरून शेडचा पत्ता लागला.

पोलीस आधी आले, लाईट नंतर. माझ्या अंगावरचा ग्राइंडर खाली ठेवून ते मला उचलून बाहेर नेत होते, तेव्हा मागे जमिनीवर ग्राइंडर आपोआप गरगरू लागला. त्याचं बटण चालूच राहिलं होतं. तो आवाज अजून माझ्यातून गेलेला नाही.

कोर्टाच्या परवानगीने मी वेशीवर परत आलो. राजेश्वरी मॅडमनी चारी बाजूंनी माझे फोटो काढले, मापं घेतली. आता शेंदूर कारभारी लावतो, पण वासरू उघडं ठेवतो. तरी रस्त्याला एखादा टेम्पो हळू झाला की मी धास्तावतो. तेव्हा मित्रांनो, तुमच्या गावात जुना दगड, जुनी मूर्ती असेल तर तिचा नीट फोटो काढून ठेवा. ती कुणी न्यायला आलं तर नुसते हात जोडू नका, कागद मागा.

वाडीतली पोरं माझ्याजवळ येऊन वासराचे पाय मोजतात आणि ओरडतात, “साडेचार!”

कारभारी खिशातून फोन काढतो आणि सगळ्यांना फोटो दाखवतो.

“पाच,” तो म्हणतो. “लंकानं दोनदा मोजलेत.”